प्रेसवरची जाळी

गारखेड्यातली नीरजा पोर्तुगीज शिकली ती मोबाईलवर, ब्राझीलच्या बातम्या ऐकून ऐकून. सर्टिफिकेट नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. बिडकीनच्या एका कारखान्यातनं ब्राझीलला पत्रा कापायच्या प्रेस मशिनी जातात, त्यांची इंग्रजी माहितीपुस्तकं तीच पोर्तुगीजमध्ये आणते. खोड एकच: वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द लिहायचा नाही.

परवा ती 'गार्ड'पाशी अडली. इंग्रजीत गार्ड म्हणजे पहारेकरी, आडोसा, सावधपणासुद्धा. पोर्तुगीजमध्ये तिन्हींना वेगळे शब्द. 'प्रेस चालवण्याआधी गार्ड तपासा.' यातला कोणता?

"टाका हो ताई कुठलाही," मॅनेजर शंतनू फोनवर हसला. "तिथं वाचतंय कोण?"

नीरजा तडक बिडकीनला गेली. तसलाच एक प्रेस शेडमध्ये पत्रा कापत होता. चालवणारा कृष्णा तिथलाच.

"दादा, याचा गार्ड कुठंय?"

"जाळी व्हय? ती काय, भिंतीला टेकलीय. खंडेनवमीला काढली. आत हळदकुंकू लावायचं व्हतं ना."

"अहो, संक्रांत होऊन गेली!"

"मंग? जाळीबिगर काम लई झटपट सुटतं. हात काढायचं टायमिंग बसलंय आपलं."

बोलता बोलताच त्यानं हात आत घातला, पत्रा सरकवला. हात बाहेर आला न आला तोच वरून लोखंड धाडकन आदळलं. हा माणूस हसत होता! आणि समोरच मालकांची काचेची केबिन. तिथनं हे रोज दिसत होतं.

कृष्णाचा हात पुन्हा आत निघाला, तशी तिनं मशीन थांबवायचं लाल बटण दाबून धरलं. प्रेस थांबला.

"ओ बाई! टार्गेट काय तुमचा बाप भरणार का?"

शंतनू धावत आला. "ताई, तुमचं काम शब्दांचं. मशिनीला हात लावू नका."

"ब्राझीलच्या कामगाराला लिहून देऊ जाळी तपासा, अन् याचा हात गेला तरी चालेल? जाळी बसल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही. बटणही सोडायची नाही मी!"

शंतनूनं केबिनकडं पाहिलं, मग पुस्तक पाठवायची तारीख आठवून कपाळ चोळलं. "बसव रे जाळी."

कृष्णानं धुसफुसत जाळी ओढत आणली. बोल्ट दोनच निघाले.

"बाकीचे?"

तो ओशाळला. "गाडीच्या नंबरप्लेटला लावलेत, साहेब."

"आण काढून!"

तो पार्किंगकडं गेला. नीरजा बटणावर तळवा दाबून तशीच उभी राहिली.