सुनेचे एकोणतीस रन

माझ्या सुनेचे एकोणतीस रन मी एकटीनं खाल्ले, आणि तेही उघड्या मैदानात, खुर्ची टाकून.

ही माझ्या तरुणपणची गोष्ट. म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची पोर होते आणि मला सगळं येत होतं! मुलगा निखिल आणि सून मुग्धा इकडे परदेशात, ल्यूकन गावच्या एका बेसबॉल टीममध्ये खेळायचे. कॅप्टन डोनल स्कोअर लिहायला माणूस शोधत होता.

"मी लिहीन की! ह्यांच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचा स्कोअर बावीस वर्षं लिहिलाय."

"आई, हा वेगळा खेळ आहे," निखिल म्हणाला.

"बॅट आहे ना? बॉल आहे ना? मग मला शिकवू नकोस!"

"ग्रँड!" म्हणत डोनलनं वही माझ्या मांडीवर ठेवली. (इथे सगळंच ग्रँड असतं, पावसासकट.)

आणि काय त्या संध्याकाळी! नऊ वाजले तरी ऊन मावळायचं विसरलेलं. कापलेल्या गवताचा वास. वाऱ्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या म्हाताऱ्या अलगद वहीवर उतरायच्या. (एक म्हातारी खुर्चीत, बाकीच्या हवेत!) ढग पिंजलेल्या कापसासारखे, माझे डोळे अर्धे मिटलेले. मग कुठूनसा 'टण्ण' आवाज यायचा. बघते तो निखिलनं बॉल लांब टोलवलेला, आधीपासून मैदानात असलेली मुग्धा धापा टाकत 'होम'ची पांढरी पाटी, म्हणजे घर, गाठतेय, लोक ओरडताहेत. मी लिहायचे, 'निखिल, एक', आणि पुन्हा ढगात!

मारला कोणी? निखिलनं. मग रन कोणाचा? निखिलचा! टीमची बेरीज रोज बरोबर यायची, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

सीझनच्या शेवटी सर्वांत जास्त रनांचा कप होता. आदल्या दिवशी मुग्धानं स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा पुसून रिकामा केला. "आई, इथे ठेवणार! मला शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा कधी बक्षीस मिळालं नव्हतं हो."

डोनलनं माझी वही उघडून वाचलं, "निखिल, छत्तीस!" टाळ्या. "मुग्धा, दोन."

मुग्धाचे हात हवेतच थांबले. "दोन? अहो आई, अख्खा उन्हाळा मी पळत होते ती काय बस पकडायला?"

"अगं, पळालीस तू. पण मारला कोणी?"

तेवढ्यात माझी नऊ वर्षांची नात इरा कपाळावर हात मारून किंचाळली, "आज्जी, नो! जो होमला येतो, रन त्याचा!"

माझ्या पायाखालचं गवत सरकलं. सासूनं सुनेचा कप मुलाच्या घशात घातला, आणि तोही स्वतःच्या अक्षरात!

"आता कोणाचे किती, कसं कळणार?" डोनल हताश झाला.

वही चाळताना निखिल मात्र खो-खो हसत सुटला. मुग्धा धावत आली त्या प्रत्येक रनापुढे मी बारीक अक्षरात शेरा मारला होता: 'मुग्धा उगीच पळाली.' त्यानं मोजले. एकोणतीस वेळा! तिनं स्वतःच मारून स्वतःच पळालेले आधीचे दोन धरून एकतीस. कप मुग्धाचा!

कप त्याच कप्प्यात आहे, शेजारी ती वहीसुद्धा, शेऱ्यांचं पान उघडं ठेवून. आता शेजारच्या लिक्सलिप गावातल्या कामावरून आली की मुग्धा दारातूनच ओरडते, "आई, घरी पोचले, लिहा!"

आणि मी, एकाहत्तर वर्षांची शहाणी बाई, चष्मा शोधत विचारते, "गाडी कोणी चालवली? निखिलनं?"