वजावट वाया जाऊ नये म्हणून

मार्च लागला की आमच्या बर दुबईच्या घरात नवऱ्याच्या अंगात येतं. इथे पगारावर टॅक्स नाही, तरी पुण्यातल्या नोकरीत लागलेली मार्चअखेर टॅक्स वाचवायची खोड काही जात नाही. यंदाही त्याने भारतातल्या पेन्शन योजनेत भरपूर पैसे भरले आणि शनिवारी सकाळी त्यावर टॅक्समधून वजावट किती मिळेल ते काढायला बसला. पोहे निवले, मी दोनदा ओरडले, पण हा दिरहमचे रुपये करण्यात दंग.

लेक म्हणाली, "बाबा, वी डोन्ट पे टॅक्स!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत त्याने पुण्याच्या सीए मामांना फोन लावला. मामांनी विचारलं, "भारतात घरभाडं, व्याज, काही उत्पन्न आहे?"

"छे, काहीच नाही."

"मग वजावट कशातून करू, कपाळातून?"

चला, खलास, आता तरी हा पोहे खाईल, असं मला वाटलं. पण नवऱ्याने बशी बाजूला सारली. मग अगदी अजिजीने म्हणाला, "मामा, पण एवढी वजावट फुकट जाणार हो. थोडा तरी टॅक्स लागेल असं काही बघा ना!"