ताईची बंद पडणारी गाडी

गॅरेजवाल्याला सगळे खात्रीभाऊ म्हणत. दुरुस्त झालेल्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारायची आणि ‘घेऊन जा, खात्री माझी’ म्हणायचं, ही त्यांची जुनी सवय. ती खात्री फुकाची नव्हती. त्यातून जुनी, छोटी एसयूव्ही म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. अशा गाडीचं कूलंट कुठून गळणार, खड्ड्यात खडखडणारं रबर कुठलं, गंजलेल्या वायरमुळे कुठला दिवा फडफडणार, हे ते गाडी फाटकातून आत येतानाच सांगत. “म्हातारपण आहे हो, आजार नाही,” असं वर गाडीवाल्याला धीरही देत.

गॅरेजचा एक नियम होता. किल्ली द्यायची ती फक्त गाडीची. घराच्या, दुकानाच्या किल्ल्या जुडग्यातून आधी सोडवून घ्यायच्या. मग ती एकटी किल्ली पत्र्याच्या बिल्ल्याला अडकवून भिंतीवरच्या खिळ्यावर जायची. “घराची किल्ली परक्याच्या भिंतीवर टांगू नये,” खात्रीभाऊ म्हणत. या सचोटीचं गावभर कौतुक व्हायचं आणि ते ऐकायला खात्रीभाऊंना मुळीच कंटाळा नव्हता.

त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची, एसयूव्ही मात्र त्यांना दाद देत नव्हती. ताई इस्पितळातली नर्स. निवृत्त झाल्यावर ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन औषधपाणी बघायची, ते याच गाडीतून. ही गाडी चालता चालता मध्येच गप्प व्हायची. स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. पुन्हा किल्ली फिरवली की जणू काही घडलंच नाही अशी सुरू. खात्रीभाऊंनी आधी बॅटरीच्या वायरी बदलल्या, मग पेट्रोलचा पंप बदलला. दोन्ही वेळा स्वतः गावभर फिरवून पाहिली, तर गाडी एखाद्या गुणी पोरीसारखी वागली.

यावेळी ताईबरोबर तिची मुलगीही आली होती, आणि ती घाबरलेली होती. गाडी भर चौकात, ट्रकच्या पुढ्यात बंद पडली होती.

“मामा, आता बास! एक तर ही गाडी भंगारात दे, नाहीतर आईला घरी बसव.”

ताईने नेहमीसारखी गाडीची किल्ली सोडवून जुडगा टेबलावर ठेवला. खात्रीभाऊंनी किल्ली बिल्ल्याला लावली आणि ते एक लांबलचक चक्कर मारून आले. गाडीला काही म्हणजे काही झालं नाही. उतरता उतरता ते हसून म्हणाले, “ताई, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना गं?”

ताई हसली नाही. “असेल बाबा. वय झालं माझं,” ती म्हणाली. “राहू दे गाडी इथेच. उद्यापासून नाही जात मी कुठे.”

खात्रीभाऊंना जीभ चावावीशी वाटली. लहानपणी सायकलची सीट धरून त्यांच्यामागे धावलेली ही बाई. तिला कुणी म्हातारी म्हटलं तर त्याची खैर नसायची, आणि आज ती स्वतःच हार मानत होती, तीही त्यांच्या एका फालतू विनोदावरून. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी टेबलावरचा तिचा जुडगा उचलून पुढे केला. वजनाने हात खाली गेला.

“हे काय गं? कुलपांचं दुकान काढलंस की काय?”

“माझ्या पेशंटांच्या घराच्या आहेत त्या. पडून असतात बिचारे. दार कोण उघडणार?”

खात्रीभाऊंनी जुडगा हातात तोलून पाहिला. मग त्यांनी बिल्ल्याची किल्ली काढली आणि जुडग्यात परत घातली.

“ताई, गाडी तू चालव. मागच्या गल्लीतून घे. तिथला स्पीडब्रेकर हाडं मोजतो.”

ताई नको नको म्हणत स्टिअरिंगमागे बसली. भाची मागे, खात्रीभाऊ शेजारी, त्यांची नजर समोर नाही, जुडग्यावर. स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, जुडग्याने जोरात हिसका दिला, किल्ली आपोआप मागे फिरली आणि इंजिन गप्प झालं.

“पडली! बंद पडली!” खात्रीभाऊ आनंदाने ओरडले.

“मामा, त्यात नाचण्यासारखं काय आहे?” भाची म्हणाली.

होतं. किल्ली बसते ते कुलूप आतून झिजलं होतं. एकट्या किल्लीचा भार त्याला चालायचा, एवढ्या घरांचा चालत नव्हता. गॅरेजचा नियम पाळून खात्रीभाऊ दरवेळी दोष सोडवून टेबलावर ठेवायला लावत होते आणि मग तोच गाडीत शोधत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

“चालवण्यात तुझं काही चुकत नव्हतं, ताई,” ते भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “चुकलं माझं.”

नवं कुलूप त्याच दिवशी बसलं. गाडीची किल्ली यापुढे एकटी राहणार, अशी सक्त ताकीद देऊन खात्रीभाऊ स्वतःच जुडगा वेगळ्या कडीत ओवायला बसले. त्यातली एक किल्ली काळ्या ग्रीसने माखलेली होती. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

“ही तर माझ्या घराची.”

“तुझं ऑपरेशन झालं तेव्हाची,” ताई म्हणाली. “एकटा राहतोस. असू दे म्हटलं.”

खात्रीभाऊंनी ती किल्ली फडक्याने लख्ख पुसली आणि कडीत सगळ्यांच्या आधी ओवली. बॉनेटवर थाप मारली, पण नेहमीचं वाक्य काही तोंडातून निघेना.

“जाते रे,” ताईच म्हणाली. “खात्री माझी.” आणि गाडी फाटकाबाहेर काढून तिने ती सरळ मागच्या गल्लीला वळवली.