आमच्या घरातली जपानीण

आमच्या हिनं एकदा सरपंचाला तोंडावर शोगुन म्हटलं. त्याला वाटलं, काहीतरी मानाचं असेल. खूश होऊन चहा पिऊन गेला. मग हिनं मला समजावलं, की जपानात बादशहा नुसता नावाला, कारभार सगळा शोगुनच्या हातात. "आपल्या शिमग्यातला मानकरी बघा. नारळ पहिला त्याला, पण पालखी कुठं न्यायची ते ठरवणार सरपंच."

गाव तिला जपानीण म्हणायचं. देवरूखच्या बाजारात रद्दीवाल्याकडं तिला जपानच्या इतिहासाचं मराठी पुस्तक मिळालं होतं, पुठ्ठा गेलेलं. ही सातवी शिकलेली, मी चौथी नापास. मी मुंबईला गोदीत, घरी यायचो गणपतीला नि शिमग्याला. मी तिकडं असताना हिनं ते पुस्तक पाठ केलं.

नोकरी संपवून मी कायमचा घरी आलो आणि आल्या आल्या हुकूम सोडायला लागलो. तर म्हणाली, जपाननं दोनशे वर्षं दारं लावून सुखात काढली, मग अमेरिकेच्या काळ्या आगबोटी तोफा दाखवत आल्या, तसे तुम्ही आलात. पुढं तिथल्या सरकारनं सामुराई लढवय्यांच्या तलवारी काढून घेतल्या, ते वाचून दाखवलं आणि माझ्या हातात खराटा दिला. तेव्हापासून अंगण माझ्याकडं. अणुबॉम्बचं पान मात्र तिनं मोठ्यानं कधी वाचलं नाही. तिथं आली की पुस्तक मिटून गोठ्यात जायची.

एक पान ती फार वाचायची. शोगुन सरदारांच्या बायकापोरांना आपल्या शहरात, म्हणजे आताच्या टोकियोत, ओलीस ठेवायचा. सरदार एक वर्ष तिथं, एक वर्ष आपल्या मुलखात. मी हसलो, म्हटलं बरी युक्ती आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचं उलटं. नवरे टोकियोत, बायका गावात ओलीस. तीस वर्षं."

खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. तोही मुंबईलाच. त्याच सुमारास डॉक्टरनं हिचं दुखणं सांगितलं, बरं होणारं नव्हतं. मी सरळ ठरवून टाकलं, सून इथं राहील, सासूचं करील. आमच्यात असंच चालत आलंय. सून भरलेली बॅग रिकामी करायला बसली.

ही खाटेवरून म्हणाली, "बॅग भर गो परत. नवऱ्याबरोबर जा."

मी भडकलो. तुला उठवणार कोण, बसवणार कोण? तर परत जपान. म्हणाली, शोगुननं पण शेवटी त्या बायकांना सोडलं. ते पान मलाही ठाऊक होतं. म्हटलं, "आणि पाच-सहा वर्षांत त्याचं राज्य बुडालं, ते सांग की."

"बुडूं दे. बायका घरी पोचल्या ना?"

सून गेली. मग पेज मीच करायचो, करपवायचो. ती प्यायची आणि सांगायची, उद्या जाळ जरा कमी. आंघोळ घालायला शिकलो, वेणी घालायला शिकलो. पहिली वेणी आरशात बघून इतकी हसली, की तिला ठसका लागला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली, पण तिचे केस एवढे लांब आहेत हे मला तेव्हा कळलं.

भातकापणी चालू असताना ती गेली. सून राहिली असती, तर ती वेणी सुनेनंच घातली असती.