साळुबाईंनी इंदूरला मीठ मागितलं

निरगुडसरच्या साळुबाईंचा सूरज २००३ साली बायको-लेकीला घेऊन नोकरीसाठी इंदूरला गेला. घर लावून द्यायला साळुबाईही गेल्या.

"नव्या गावात शेजारणीकडं कायतरी मागावं, म्हंजी वळख व्हती," त्या सुनेला म्हणाल्या. स्नेहल लाजली. मग त्या स्वतःच वाटी घेऊन समोरच्या दारात गेल्या. "बाई, वाईच मीठ द्या."

शेजारणीला 'मीठा' ऐकू आलं. तिनं आपल्याच मोठ्या वाटीत जिलेबी भरून दिली.

"लई मोठ्या मनाचं गाव हाय!" साळुबाई हरखल्या. शेजारणीची वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून त्यांनी तीत मिरचीचा ठेचा घातला. शेजारणीनं तो चमच्यानं खाल्ला आणि पाणी मागत यांच्याच घरात धावली. आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या बायकाही उतरल्या. स्नेहलनं सगळ्यांनाच चहा टाकला.