चार हातांवरचा वाघ

“आज दिवे लागताना, जुन्या धानाच्या गोदामात! एक नदी, पाचशे झाडं, आणि तुमच्यापासून चार हातांवर बसलेला वाघ! एकच प्रयोग! बंडी जुंपा, बैलाले पाणी पाजा आन् निघा!”

सायकलरिक्षावर बसून ओरडत होतो मी. आमच्या कला मंडळाचा भोंगा असा होता, की आरमोरीत मी नुसता खोकलो तरी तिकडे माजरीचे खाणकामगार पाळी सुरू झाली समजून डबे उचलायचे. चिमूरच्या कोंबड्यांनी तर माझ्यामुळे आरवणंच सोडून दिलं होतं. उपयोग काय, म्हणायच्या.

रिक्षाचा दांडा धरून पेंटरचाचा सोबत चालत होता. त्यानं माझा पायजमा ओढला. “भाऊ, चित्रांचं प्रदर्शन आहे आपलं. वाघ जिता थोडीच आहे.”

“जिता कुठी म्हटलं मी? बसलेला म्हटलं. बसलेला नाई का?”

“बसलेला त आहे.”

“मंग?”

खरं म्हणजे मंडळानं मला फळ्यावर लिहून दिलं होतं: आज चित्रप्रदर्शन, त्यानंतर मधमाशीपालनावरचा माहितीपट, पुढच्या महिन्यात बांबूकाम. पण झाडीपट्टीत ‘प्रदर्शन’ शब्दाला कुत्रंही मान वर करून पाहत नाही. इथे नाटक म्हटलं, की आजारी माणूस खाटेसकट येतो. आणि माझी जीभ जन्मभर नाटकांच्याच जाहिरातीत वाढलेली.

शिवाय चाचासाठी माणसं येणं भाग होतं. पंचक्रोशीतल्या सगळ्या नाटकांचे पडदे त्यानंच रंगवलेले. महाल त्याचा, जंगल त्याचं, आणि दर वेळी ऐन पुढ्यात एखादा राजा येऊन उभा राहायचा आणि सगळं झाकून टाकायचा. म्हणून यंदा त्यानं जाड कॅनव्हासवर, ऑइल पेंटमध्ये, भिंतभर जंगल काढलं, कुठल्याही नाटकासाठी नाही. लोकांनी एकदा नुसतं पडद्याकडे पाहावं, एवढीच त्याची हौस. इकडे त्याच्या साळ्याचं धान खळ्यावर उघडं पडलेलं, आभाळ भरलेलं, आणि ऑइल पेंटमधून पाणी झिरपत नाही हे साळ्याला बरोबर ठाऊक. चाचीनं भर चौकात निकाल दिला होता: “माणसं आली आन् चित्र पाह्यलं त ठीक. नाईतर पडदा उद्या धानावर.”

माणसं आली. किती आली ते विचारू नका. बंड्या इतक्या सुटल्या, की बैलांनीच आपसात ओळखी करून घेतल्या. बायांनी गोदामात गोणपाटाचे बोरे अंथरले, लेकरं निजवली, मुरमुऱ्यांची गाठोडी सोडली. सगळे चित्राकडे तोंड करून बसले आणि पडदा वर जायची वाट पाहू लागले.

चाचाचा चेहरा उतरला. “नाटक समजून राह्यले हे. सांगून येतो.”

मी त्याचा हात धरला. “काऊन सांगतेस? पाहून राह्यले ना?”

दुसरं करणार काय? समोर चित्र, आणि राजा काही येईना. पुढच्या बोऱ्यावरची म्हातारी बाई म्हणाली, “हे नदी त आपलीच दिसते. त्या दगडावर मी धुणं धुतो.”

शेजारीण म्हणाली, “मंग तू कुठी आहेस त्यात?”

“धुणं झालं असन. घरी गेली असन.”

मागून एक शेतकरी उठला. “हे बैल माये आहेत. डाव्याचं शिंग मोडकं आहे पाहा. पेंटरनं मले विचारलं का?”

“विचारलं असतं,” चाचा कोपऱ्यातून बोलला, “त तुम्ही शिंग सरळ करा म्हटलं असतं.”

गोदाम हसलं. मग कुणीतरी वाघाची आठवण काढली आणि अख्खं नाट्यगृह उठून बांबूच्या बनात घुसलं, म्हणजे नाकं कॅनव्हासला टेकवून. वाघ सापडेना. नदीकाठ झाला, डोंगर झाला. शेवटी म्हातारीनंच बोट ठेवलं: बांबूच्या सावलीत दोन डोळे आणि शेपटीचं टोक. “बसला आहे,” ती हळूच म्हणाली, आणि सगळं गोदाम चार हात मागे सरकलं. अगदी मोजून. माझ्या जाहिरातीवर आजवर कुणी एवढा विश्वास ठेवला नव्हता.

दारात हात बांधून उभी असलेली चाची कधी आत आली आणि म्हातारीच्या बोऱ्यावर टेकली, ते मला दिसलंच नाही.

एवढ्यात मंडळाचे सचिव, शाळेत गणित शिकवणारे सद्गृहस्थ, पांढरी चादर घेऊन पुढे झाले. आता माहितीपट.

“चादर नका लावू, गुरुजी,” म्हातारी म्हणाली. “वाघ झाकते.”

“चादरीशिवाय चित्रपट दिसेल कसा?”

“नाई दिसला त नाई दिसला.”

सगळ्यांचं तेच मत पडलं. मग प्रोजेक्टर लागला तो थेट जंगलावर. बैलाएवढ्या मधमाश्या वैनगंगेवरून उडाल्या, मोडक्या शिंगावर बसल्या. पोळं नेमकं वाघाच्या तोंडाशी लागलं तेव्हा लेकरं किंचाळली आणि सचिव स्वतः चादर पांघरून खाली बसले. मधमाशी कशी पाळावी हे आमच्या तालुक्यात आजही कुणाला ठाऊक नाही. चाचा मात्र पडद्याकडे पाठ करून उभा होता आणि बसलेल्यांचे चेहरे एकेक करून पाहत होता.

दिवे लागले. साळा दोर घेऊन आत आला. बंडी त्यानं दाराशीच लावली होती. आभाळ गडगडत होतं.

“बाई,” तो बहिणीला म्हणाला, “पडदा उतरवू का?”

चाचीनं चित्रावरची नजर हलवली नाही.

“धानावर प्लास्टिकची पन्नी टाक,” ती म्हणाली.