रुखवतातले बाहुलीघर

ती हकीगत अद्यापही मला जशीच्या तशी स्मरते. स्वराज्य येऊन काही वर्षे लोटली होती. मी त्या काळी वाशीमकडील एका ठाण्यात जमादार होतो. नोकरी सोडल्यापासून कचेरीसमोर अर्ज लिहितो, तथापि तपासाची दृष्टी गेलेली नाही.

गावच्या नव्या संग्रहालयातून सागवानी बाहुलीघर नाहीसे झाल्याची फिर्याद एका बड्या शेतकऱ्याने दिली. दोन मजले, जाळीच्या खिडक्या, आत बोटाएवढा पाळणा. ते त्यानेच देणगी म्हणून दिले होते. त्याचा संशय म्हाताऱ्या राखणदारावर होता, कारण किल्ली त्याच्याच कमरेला असे. गुन्हा शाबीत झाल्यास नोकरी जाऊन तुरुंग निश्चित होता.

पंचनाम्यात कुलूप शाबूत आढळले. देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी मात्र घरावरून काढून टेबलावर ठेवलेली होती. पितळ टाकून लाकूड नेणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

राखणदाराची चौकशी मी जातीने केली.

"घर कुठं गेलं?"

"चोरीले नाही गेलं, साहेब."

"मग कोणाला दिलं?"

"कोजागिरी होऊ द्या, मंग सांगतो. जबान देली हाये म्या."

"तोवर कोठडीत राहशील?"

"राहतो. भाकर तं भेटते ना इथं?"

भ्यालेला आरोपी शपथा घेतो. हा भाकरीची विचारपूस करीत होता. अशा माणसाकडून मारहाणीने काहीही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारचा एक कासार खबर घेऊन आला.

"जमादारसाहेब, मी कामरगावले बांगड्या भरून राह्यलो व्हतो. एका घरी पोरींनी भुलाबाई त्या लाकडी घरात बसवली हाये."

"कोणाचं घर?"

"तुमच्या फिर्यादीच्या सुनेचं माहेर!"

भुलाबाई, म्हणजे पार्वती, कोजागिरीपर्यंत महिनाभर माहेरपणाला येते, अशी आमच्या मुलखात समजूत आहे. सूनही त्या सणासाठी माहेरी गेलेली होती. मी तिला वस्तूसह ठाण्यात बोलावले. ती बैलबंडीतून आली, बाहुलीघर मांडीवर धरून. तिची जबानी अशी: ते घर तिच्या मयत बापाने स्वतः कोरून तिच्या लग्नात रुखवतावर मांडले होते. सासऱ्याने ते परस्पर दान केले. तिने राखणदारास खरे ते सांगून घर नेले, आणि सण आटोपेपर्यंत बोलू नये असे वचन घेतले. अन्यथा सासऱ्याने ते मधूनच ओढून आणले असते.

फिर्यादी सासरा समोरच बसला होता. तो गरजला, "सूनबाई, नेताना मले इचारलं काहून नाही?"

"मामाजी, देताना तुमी मले इचारलं व्हतं?"

"अवं, पण पाटीवर माहं नाव व्हतं! लोकांले काय सांगू आता?"

"पाटी ठेवली ना म्या तुमची. तेवढी घेऊन जा."

रुखवतातील वस्तू वधूची. सबब चोरीचा गुन्हा होत नाही, असा अहवाल मी वर पाठविला व राखणदारास तत्काळ सोडले. बाहुलीघर त्याच बंडीतून कामरगावास परत गेले.

या प्रकरणाने मला शिकविले, की चोर कोण हे विचारण्यापूर्वी मालक कोण हे विचारावे. आजही चोरीचा अर्ज लिहवून घ्यायला कोणी समोर बसला, की माझा पहिला प्रश्न तोच असतो. पुष्कळसे अर्जदार तेवढ्यावरच उठून जातात.